डिस्क शेड्युलिंग आणि डेटाबेसची कार्यक्षमता चाचणी

डिस्क शेड्युलिंग म्हणजे संगणकाच्या डिस्ककडे आलेल्या वाचन व लेखनाच्या विनंत्या कोणत्या क्रमाने पूर्ण करावयाच्या हे ठरविण्याची पद्धत होय. हे काम संचालन प्रणालीच्या कर्नलमधील शेड्युलर हा घटक करतो. डेटाबेस अर्थात विदागार प्रणालीचा वेग बहुधा डिस्कच्या वेगाने मर्यादित होतो. त्यामुळे एकच डेटाबेस, तेच यंत्र आणि तोच कार्यभार ठेवून केवळ शेड्युलर बदलला, तरी प्रति सेकंद पूर्ण होणारे व्यवहार आणि प्रत्येक व्यवहाराला लागणारा वेळ यांत फरक पडू शकतो. हा फरक नियंत्रित परिस्थितीत मोजण्याच्या प्रक्रियेला बेंचमार्किंग किंवा मानदंड-चाचणी म्हणतात.

अशा चाचण्यांतून सर्व परिस्थितींत सर्वोत्तम ठरेल असा एकही शेड्युलर आढळलेला नाही. डिस्कचा प्रकार, कार्यभाराचे स्वरूप आणि मोजमापासाठी निवडलेले परिमाण यांनुसार उत्तर बदलते.

पार्श्वभूमी

आयबीएमने १९५६ साली सादर केलेल्या रामॅक संगणकातील ३५० डिस्क यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे साठविता येत. चुंबकीय डिस्कचे मूलतत्त्व तेव्हापासून बदललेले नाही. फिरत्या चकतीवरील योग्य वर्तुळाकार मार्गापर्यंत वाचनशीर्ष सरकवावे लागते आणि त्यानंतर हवा असलेला भाग शीर्षाखाली येईपर्यंत थांबावे लागते. पहिल्या कालावधीस शोधकाल व दुसऱ्यास परिवलन-विलंब म्हणतात.

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३३ मिलीसेकंदांत पूर्ण होते. सरासरी परिवलन-विलंब त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ४.१७ मिलीसेकंद असतो. सरासरी शोधकाल ८.५ मिलीसेकंद धरल्यास एका यादृच्छिक वाचनास सुमारे १२.७ मिलीसेकंद लागतात आणि सेकंदाला जेमतेम ७९ वाचने होतात. प्रत्येक वाचनात ८ किलोबाइटचे एक पान मिळत असेल, तर हा वेग सेकंदाला ०.६ मेगाबाइटच्या आसपास राहतो. हीच डिस्क सलग वाचन करताना सेकंदाला १५० मेगाबाइट देऊ शकते. दोहोंमधील हे दोनशे पटींहून अधिक अंतर कमी करणे हा शेड्युलरचा मूळ हेतू आहे. विनंत्यांचा क्रम बदलून शीर्षाची धावपळ कमी केली, तर त्याच डिस्ककडून अधिक काम करून घेता येते.

अभिजात पद्धती

पीटर डेनिंग यांनी १९६७ साली आणि टिओरी व पिंकर्टन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांत या पद्धतींचे गणिती विश्लेषण आढळते. पाठ्यपुस्तकांत सामान्यतः पुढील पद्धती शिकविल्या जातात.

• एफसीएफएस: जी विनंती आधी आली ती आधी पूर्ण करणे. ही सर्वांत सोपी व न्याय्य पद्धत आहे. मात्र शीर्षाचा प्रवास सर्वाधिक होतो.
• एसएसटीएफ: शीर्षाच्या सर्वांत जवळची विनंती प्रथम घेणे. प्रवास कमी होतो, परंतु जवळच्या विनंत्या सतत येत राहिल्यास दूरची विनंती दीर्घकाळ ताटकळते. या अवस्थेस उपासमार असे म्हणतात.
• स्कॅन: शीर्ष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते व वाटेतील सर्व विनंत्या पूर्ण करीत परत फिरते. इमारतीतील उद्वाहकाशी असलेल्या साम्यामुळे तिला लिफ्ट पद्धत असेही म्हणतात.
• सी-स्कॅन: शीर्ष एकाच दिशेने जाताना काम करते आणि टोकाला पोहोचल्यावर थेट आरंभी परतते. त्यामुळे मधल्या व कडेच्या मार्गांना मिळणारी वागणूक अधिक समान होते.
• लुक व सी-लुक: अनुक्रमे स्कॅन व सी-स्कॅनप्रमाणेच; मात्र शीर्ष डिस्कच्या टोकापर्यंत न जाता शेवटच्या विनंतीपासूनच वळते.

उदाहरणार्थ, ० ते ९९ क्रमांकांचे मार्ग असलेल्या डिस्कवर शीर्ष ४८ व्या मार्गावर आहे आणि ९०, २५, ७५, १०, ६०, ४० या क्रमाने विनंत्या आल्या आहेत असे मानू. शीर्षाचा एकूण प्रवास एफसीएफएसमध्ये २९२ मार्ग, एसएसटीएफमध्ये ११८, चढत्या दिशेने सुरू होणाऱ्या लुकमध्ये १२२, स्कॅनमध्ये १४० आणि सी-लुकमध्ये परतीची उडी धरून १५२ मार्ग इतका होतो. एसएसटीएफचा आकडा सर्वांत लहान असला, तरी त्यात प्रथम आलेली ९० ची विनंती सर्वांत शेवटी पूर्ण होते. एकूण काम आणि एकेका विनंतीची प्रतीक्षा यांतील हा ताण डेटाबेसच्या चाचण्यांतही पुन्हापुन्हा दिसतो.

लिनक्समधील शेड्युलर

लिनक्सच्या २.६ मालिकेत अनेक शेड्युलर उपलब्ध झाले आणि यंत्र चालू असतानाही ते बदलण्याची सोय मिळाली. डेटाबेसविषयक तुलनात्मक चाचण्यांना त्यामुळे मोठी चालना मिळाली.

• नूप: विनंत्यांची क्रमवारी लावत नाही, लगतच्या विनंत्या केवळ एकत्र जोडतो.
• डेडलाइन: विनंत्या स्थानानुसार लावतो, पण प्रत्येकीला मुदतही देतो. मूलभूत मांडणीत वाचनाची मुदत ५०० मिलीसेकंद व लेखनाची ५ सेकंद असते. मुदत टळलेल्या विनंतीला प्राधान्य मिळते. वाचनाची मुदत कमी ठेवण्याचे कारण असे की वाचणारा प्रोग्राम सहसा उत्तर मिळेपर्यंत खोळंबून राहतो.
• अँटिसिपेटरी: सीताराम अय्यर व पीटर ड्रुशेल यांनी २००१ साली मांडलेल्या कल्पनेवर आधारित. एक वाचन पूर्ण झाल्यावर तोच प्रोग्राम लगेच शेजारचा भाग मागेल या अपेक्षेने शेड्युलर काही मिलीसेकंद मुद्दाम थांबतो. सलग वाचन करणाऱ्या प्रोग्रामना त्याचा लाभ होतो. २०१० मधील २.६.३३ आवृत्तीतून हा शेड्युलर वगळण्यात आला.
• सीएफक्यू: येन्स आक्सबो यांनी विकसित केलेला. प्रत्येक प्रक्रियेसाठी वेगळी रांग ठेवून डिस्कचा वेळ तिच्यात वाटतो. २००६ मधील २.६.१८ आवृत्तीपासून तो मूलभूत शेड्युलर झाला.

पुढे २०१४ च्या आरंभी आलेल्या ३.१३ आवृत्तीत बहु-रांग रचना आली. तिच्यासाठी २०१७ मध्ये एमक्यू-डेडलाइन, बीएफक्यू आणि कायबर हे नवे शेड्युलर समाविष्ट झाले. शेड्युलर न वापरण्याच्या पर्यायास ‘नन’ असे नाव आहे. २०१९ मधील ५.० आवृत्तीत जुनी एक-रांग रचना काढून टाकण्यात आली व तिच्यासोबत सीएफक्यूही गेला. त्यामुळे २०१९ पूर्वीच्या चाचण्यांचे निष्कर्ष वाचताना त्या कोणत्या कर्नलवर झाल्या होत्या, हे पाहणे अत्यावश्यक ठरते.

डेटाबेस डिस्कचा वापर कसा करतो

संबंधात्मक डेटाबेस डिस्कवर एकाच वेळी तीन भिन्न प्रकारचे ओझे टाकतो.

पहिले म्हणजे पानांचे यादृच्छिक वाचन. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये पानाचा मूलभूत आकार ८ किलोबाइट, तर मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनात १६ किलोबाइट असतो. अनुक्रमणिकेतून एक नोंद शोधताना डिस्कच्या दूरदूरच्या भागांतील पाने वाचावी लागतात.

दुसरे म्हणजे नोंदवहीतील लेखन. व्यवहार पूर्ण झाल्याचे ग्राहकाला कळविण्यापूर्वी डेटाबेस त्या बदलाची नोंद एका सलग नोंदवहीत लिहितो आणि ती नोंद कायमस्वरूपी माध्यमावर पोहोचल्याची हमी संचालन प्रणालीकडून घेतो. वीज गेल्यावरही पूर्ण झालेला व्यवहार टिकून राहतो तो या हमीमुळे. हे लेखन आकाराने लहान असले, तरी ग्राहक त्याच्यावरच खोळंबलेला असतो.

तिसरे म्हणजे चेकपॉइंट. स्मृतीतील बदललेली पाने डेटाबेस ठरावीक काळाने मूळ फाइलींमध्ये उतरवतो. या लेखनावर कोणताही ग्राहक प्रत्यक्ष थांबलेला नसतो; पण त्याचा लोंढा डिस्कवर आला की पहिली दोन्ही कामे रांगेत अडकतात. शेड्युलरची खरी कसोटी या वेळी लागते. पोस्टग्रेसक्यूएलच्या २०१६ मधील ९.६ आवृत्तीत हा लोंढा अडवून लेखन थोड्याथोड्या प्रमाणात डिस्ककडे पाठविण्याची सोय करण्यात आली.

मानदंड-चाचण्या

डेटाबेसच्या प्रमाणित चाचण्यांचा आरंभ १९८५ साली ‘डेटामेशन’ नियतकालिकात आलेल्या लेखातून झाला. जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात बँकेतील जमा-नावे व्यवहारावर आधारित चाचणी मांडली आणि ९५ टक्के व्यवहार एका सेकंदाच्या आत पूर्ण व्हावेत अशी अट घातली. वेगाच्या आकड्याला प्रतिसादकालाची अट जोडण्याची ही परंपरा पुढेही टिकली. विक्रेते आपापल्या सोयीने चाचण्या करू लागल्याने समान नियमांची गरज भासली व १९८८ मध्ये ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग परफॉर्मन्स कौन्सिल ही संस्था स्थापन झाली. तिच्या मानदंडांना टीपीसी या नावाने ओळखतात.

• टीपीसी-बी: १९९० चा मानदंड. बँक शाखा, रोखपाल व खाती यांवर लहान व्यवहारांचा मारा करतो.
• टीपीसी-सी: १९९२ चा मानदंड. घाऊक वितरकाच्या कारभारातील नवी मागणी, रक्कम भरणा, मागणीची स्थिती, वितरण आणि साठा-पातळी असे पाच प्रकारचे व्यवहार त्यात असतात.
• टीपीसी-एच: १९९९ चा मानदंड. मोठ्या विश्लेषणात्मक प्रश्नांवर आधारित. त्यात सलग वाचनाचे प्रमाण जास्त असते.

शेड्युलरच्या तुलनेसाठी मुक्त साधने अधिक वापरली जातात. पोस्टग्रेसक्यूएलसोबत येणारे पीजीबेंच हे टीपीसी-बी सदृश कार्यभार निर्माण करते. मायएसक्यूएलसाठी सिसबेंच प्रचलित आहे. डेटाबेस बाजूला ठेवून फक्त डिस्क मोजावयाची असल्यास येन्स आक्सबो यांनीच लिहिलेले एफआयओ हे साधन वापरतात.

तुलनात्मक चाचणीची रचना

शेड्युलर वगळता बाकी सर्व घटक स्थिर राहतील अशी काळजी घेणे हे चाचणीचे पहिले तत्त्व आहे.

डेटाचा आकार: संपूर्ण डेटा मुख्य स्मृतीत मावत असेल, तर वाचने डिस्कपर्यंत पोहोचतच नाहीत आणि सर्व शेड्युलर सारखेच भासतात. पीजीबेंचमध्ये प्रमाणांक १ असता खात्यांच्या १ लाख नोंदी तयार होतात व डेटा सुमारे १५ मेगाबाइटचा होतो. प्रमाणांक १,००० केल्यास १० कोटी नोंदी व सुमारे १५ गिगाबाइट डेटा मिळतो. डेटा स्मृतीपेक्षा बराच मोठा असेल असा प्रमाणांक निवडावा लागतो. शिवाय प्रमाणांक समांतर जोडण्यांच्या संख्येपेक्षा कमी असल्यास अनेक व्यवहार एकाच शाखेच्या नोंदीसाठी झगडतात. अशा वेळी मोजली जाते ती कुलुपांची स्पर्धा. डिस्क बाजूलाच राहते.

कालावधी: पोस्टग्रेसक्यूएलमध्ये चेकपॉइंट मूलतः दर ५ मिनिटांनी होतो. त्याहून लहान चाचणीत एकही चेकपॉइंट न येण्याची शक्यता असते. प्रत्येक चाचणीत अनेक चेकपॉइंट यावेत आणि आरंभीचा तापण्याचा काळ मोजणीतून वगळावा, असा संकेत आहे.

डिस्कवरील जागा: चकतीच्या बाहेरील मार्गांवर आतील मार्गांपेक्षा अधिक माहिती मावते व सलग वाचनही अधिक वेगाने होते. म्हणून प्रत्येक फेरीत डेटा डिस्कच्या त्याच भागात असणे आवश्यक असते.

पुनरावृत्ती: समजा, एका शेड्युलरच्या तीन फेऱ्यांत सेकंदाला ९७०, १,०१० व १,०५० व्यवहार झाले आणि दुसऱ्याच्या तीन फेऱ्यांत ९९०, १,०३० व १,०७०. दुसऱ्याची सरासरी २० ने जास्त आहे, परंतु एकाच शेड्युलरच्या फेऱ्यांत ८० चा फरक पडत असताना या आघाडीला अर्थ उरत नाही. फेऱ्या पुरेशा संख्येने व क्रम आलटूनपालटून घेतल्या, तरच निष्कर्ष विश्वासार्ह ठरतो.

निष्कर्षांचे वाचन

प्रति सेकंद व्यवहारांचा आकडा सर्वाधिक उद्धृत होतो, पण तो एकटा दिशाभूल करू शकतो. १,००० व्यवहारांपैकी ९९० व्यवहार ५ मिलीसेकंदांत आणि १० व्यवहार २ सेकंदांत पूर्ण झाले, तर सरासरी सुमारे २५ मिलीसेकंद येते. प्रत्यक्षात एकाही व्यवहाराला २५ मिलीसेकंद लागलेले नसतात. एखादे संकेतस्थळ एक पान दाखविण्यासाठी असे २० व्यवहार करीत असेल आणि संथ व्यवहार यादृच्छिकपणे विखुरलेले असतील, तर त्यांपैकी किमान एक संथ असण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. म्हणजे दर शंभरातील एक संथ व्यवहार वापरकर्त्याला जवळजवळ प्रत्येक पाचव्या-सहाव्या पानावर जाणवतो. यासाठी ९५ वे, ९९ वे व ९९.९ वे शतमान नोंदविण्याची पद्धत आहे.

आणखी एक दोष चाचणीच्या रचनेतूनच उद्भवतो. बहुतेक साधनांत प्रत्येक आभासी ग्राहक आधीच्या व्यवहाराचे उत्तर आल्यावरच पुढचा व्यवहार पाठवतो. डिस्क दोन सेकंद अडकली, तर ग्राहकही दोन सेकंद गप्प राहतात आणि त्या काळात जे व्यवहार यायला हवे होते ते मोजणीत येतच नाहीत. ठरावीक दराने व्यवहार पाठविल्यास ही त्रुटी दूर होते. पीजीबेंचमध्ये तशी सोय आहे.

टिकाऊपणाची पडताळणी

वेगाचा आकडा खरा आहे की माहिती धोक्यात घालून मिळविलेला आहे, हे तपासणे चाचणीचा अविभाज्य भाग मानला जातो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या पूर्ण करते. एकाच जोडणीवरून एकामागून एक व्यवहार होत असतील आणि प्रत्येक नोंद खरोखर चकतीवर लिहिली जात असेल, तर सेकंदाला साधारण १२० हून अधिक व्यवहार होऊ शकत नाहीत. १५,००० फेऱ्यांच्या डिस्कसाठी ही मर्यादा २५० आहे. साध्या डिस्कवर अशा चाचणीत हजारो व्यवहार दिसले, तर डिस्कची लेखन-स्मृती काम पूर्ण होण्याआधीच होकार देत आहे किंवा हमीची मागणीच बंद ठेवलेली आहे, असा निष्कर्ष निघतो. अशा यंत्राची वीज गेल्यास पूर्ण झाल्याचे कळविलेले व्यवहार नाहीसे होऊ शकतात. क्रम बिघडून लेखन झाले असल्यास संपूर्ण डेटाबेस दूषित होण्याचाही धोका असतो. विजेरीचा आधार असलेली नियंत्रक-स्मृती मात्र हा वेग सुरक्षितपणे देऊ शकते. टिकाऊपणाची मांडणी वेगवेगळी असलेल्या दोन चाचण्यांची तुलना करणे त्यामुळे निरर्थक ठरते.

पद्धतीनुसार आढळणारे वर्तन

आयबीएममधील स्टीव्हन प्रॅट व डॉमिनिक हेगर यांनी २००४ च्या ओटावा लिनक्स परिसंवादात २.६ मालिकेतील शेड्युलरची तुलना सादर केली. शेड्युलरची कामगिरी कार्यभारावर अवलंबून असते, हे त्या निबंधाच्या शीर्षकातच नमूद आहे.

फिरत्या डिस्कवर अनेक समांतर व्यवहार चालविणाऱ्या डेटाबेससाठी डेडलाइन दीर्घकाळ शिफारशीत राहिला. ओरॅकलच्या लिनक्सवरील मार्गदर्शनात त्याचा पुरस्कार आढळतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या २०१४ मधील ७ व्या आवृत्तीत साटा डिस्क वगळता तोच मूलभूत शेड्युलर होता. डेटाबेसचे वाचन विखुरलेले असल्याने पुढच्या शेजारच्या विनंतीसाठी अँटिसिपेटरीने घालविलेला वेळ बहुधा वाया जातो. सीएफक्यूही एका प्रक्रियेकडून दुसरीकडे वळण्यापूर्वी मूलतः ८ मिलीसेकंदांपर्यंत वाट पाहत असे. एका डिस्कवर हे परवडते; अनेक डिस्कच्या रेड संचात मात्र त्या वेळात इतर डिस्क रिकाम्या राहतात. याउलट, एकाच यंत्रावर डेटाबेससोबत बॅकअपसारखे मोठे सलग काम चालू असता प्रक्रियांमध्ये वेळ वाटणाऱ्या पद्धतीचा उपयोग होऊ शकतो.

डिस्क स्वतःही क्रमवारी लावते, ही बाबही लक्षात घ्यावी लागते. साटा डिस्कवरील एनसीक्यू या सोयीत ३२ विनंत्यांची रांग असते आणि चकतीची नेमकी स्थिती डिस्कलाच ठाऊक असल्याने ती परिवलन-विलंबही विचारात घेऊ शकते. आभासी यंत्रांत अतिथी प्रणालीने लावलेला क्रम यजमान प्रणाली पुन्हा बदलते. म्हणून अतिथी प्रणालीत नूप किंवा नन हा साधा पर्याय निवडण्याचा प्रघात आहे.

सॉलिड स्टेट डिस्कनंतरची स्थिती

सॉलिड स्टेट डिस्कमध्ये फिरणारा भाग नसल्याने शीर्षाचा प्रवास वाचविण्याचा प्रश्न उरत नाही. २०११ मध्ये आलेल्या एनव्हीएमई मानकात ६५,५३५ पर्यंत विनंती-रांगा ठेवता येतात. एवढ्या वेगात शेड्युलरने क्रम लावण्यासाठी घेतलेला प्रक्रियकाचा वेळच अडथळा ठरू शकतो. त्यामुळे एनव्हीएमई डिस्कसाठी लिनक्समध्ये मूलतः नन हा पर्याय असतो.

तरीही शेड्युलरची गरज पूर्णतः संपलेली नाही. लेखनाच्या लोंढ्यात वाचने मागे पडण्याची समस्या याही डिस्कवर उद्भवते. कायबर वाचन व लेखन यांच्या प्रतिसादकालाचे लक्ष्य ठरवून विनंत्यांची संख्या नियंत्रित करतो, तर बीएफक्यू प्रक्रियांमध्ये डिस्कचा वापर न्याय्य रीतीने वाटण्याचा प्रयत्न करतो. या डिस्क नव्या असताना अधिक वेगवान भासतात आणि भरल्यानंतर अंतर्गत साफसफाईमुळे मंदावतात. म्हणून त्यांच्या चाचणीपूर्वी संपूर्ण डिस्कवर लेखन करून ती स्थिर अवस्थेत आणावी लागते.

हेही पहा

• संचालन प्रणाली
• हार्ड डिस्क
• सॉलिड स्टेट डिस्क
• संबंधात्मक डेटाबेस
• लिनक्स कर्नल
• पोस्टग्रेसक्यूएल